तुकडा आतड्यातला तपासायचा की यकृतातला?

कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथीपेशींचा कॅन्सर, आलाय, सीटीत यकृतावर गाठी आहेत आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ: 'न्यूरोएंडोक्राइन घटकाची शक्यता, आयएचसी करावी.' न्यूरोएंडोक्राइन म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या जातीचा भाग, आयएचसी म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून त्यांची जात ओळखणं. असा कागद हाती आला की सोलापुरात घरोघरी चर्चा सुरू होते ती पुणे की मुंबई. त्याआधी तुकडा कुठला तपासायचा, ते ठरवा.

आतड्यातला तुकडा तयारच असतो. तो बसवलेली मेणाची वडी, म्हणजे ब्लॉक, लॅबमध्ये असते, पेशंटला पुन्हा टोचायला नको. पण चिमट्याने काढलेले हे तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे, तेही वरच्या थरातले. न्यूरोएंडोक्राइन भाग बऱ्याचदा खोलवर दडलेला. मिश्र गाठ, म्हणजे 'मिनेन', म्हणायचं तर दोन्ही घटक प्रत्येकी किमान 30 टक्के हवेत. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण इथे भातात दोन जातींचे तांदूळ आहेत.

यकृताच्या बायोप्सीत सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत, साधारण 18 गेजच्या (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) सुईने दोन-तीन कोअर, म्हणजे सलग लांबट तुकडे, काढतात. नुसती एफएनए, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढणं, नको. पेशी दिसतात, रचना हरवते. आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासण्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद, नंतर काही तास पडून राहणं. रक्तस्रावाची जोखीम थोडी, पण आहे. फायदा असा की पसरलेला भाग नेमका कोणता ते कळतं, आणि औषध त्यालाच द्यायचंय. गोम एवढीच की यकृतात एकच घटक गेलेला असू शकतो, मग तिथला रिपोर्ट 'शुद्ध' न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा येतो. म्हणून आमचा कौल यकृताला, पण आतड्याचा ब्लॉक शेजारी ठेवून एकाच पॅथॉलॉजिस्टने दोन्ही वाचावेत.

आयएचसीत न्यूरोएंडोक्राइन भाग ओळखायला सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, जमल्यास आयएनएसएम-1. अ‍ॅडिनोच्या बाजूला सीके-20, सीडीएक्स-2. केआय-67, म्हणजे पेशी किती वेगाने वाढतात त्याची टक्केवारी, प्रत्येक घटकाचा वेगळा लिहून मागा. नेहमीची चूक इथे होते: साध्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात चार-दोन पेशी सिनॅप्टोफायसिनला रंगतात आणि 'मिश्र' असा शिक्का बसतो. फरक कागदापुरता नाही. जोरात वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाला सहसा प्लॅटिनम-इटोपोसाइड ही केमो, अ‍ॅडिनोला फॉलफॉक्स किंवा फॉलफिरी ही वेगळी केमो. एमएमआरची (डीएनए दुरुस्तीची) चार प्रथिनं आणि आरएएस, बीआरएएफ या जनुकांच्या तपासण्या, औषध निवडायला लागणाऱ्या, याच ब्लॉकवर करून घ्याव्यात. तुकडा संपला की पुन्हा सुई.

पेट स्कॅनमध्ये टोचायचं द्रव्य गाठीप्रमाणे ठरतं: जोरकस गाठीला एफडीजी, संथ आणि सुघटित असेल तरच डोटाटेट. रक्तातल्या क्रोमोग्रॅनिन-ए वर फार विसंबू नका. पॅन्टोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर तो उगाच वाढलेला येतो.

आता पुणे-मुंबई. पहिल्या फेरीत थकलेल्या माणसाला न्यायचं कारण नाही, ब्लॉक जाऊ द्या. लॅबला लेखी अर्ज द्या. ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड, मूळ रिपोर्ट आणि सीटीची सीडी घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवा. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालेला नातेवाईक सकाळी मुंबईत ते जमा करू शकतो. मे महिन्यात ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मेण मऊ पडतं. कापसात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेले बरे, आणि जमा केल्याची पावती फोटो काढून घरी पाठवा, कारण परत आणताना तीच मागतात.