डिपेंडन्सी कुठे लिहायच्या: रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी की पायप्रोजेक्ट.टॉमल?

समजा, नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे भाव गोळा करणारी पायथन लायब्ररी तयार आहे आणि ती पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर, टाकायची आहे. आत रिक्वेस्ट्स आणि पांडास या दुसऱ्यांच्या लायब्ररी वापरल्यात; याच तिच्या डिपेंडन्सी. हे दोन लिहायचे कुठे?

रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी हे किराण्याचं बिल. त्या दिवशी नेमकं काय घरात आलं, ते सगळं त्यात. पायप्रोजेक्ट.टॉमलमधलं डिपेंडन्सीज म्हणजे किराण्याची यादी: काय काय लागेल, एवढंच. सर्व्हरवर चढवायच्या ॲपला बिलच हवं, हॅशसकट (फाइल तीच आहे हे पडताळणाऱ्या ठशासकट) असेल तर उत्तम. तिथे वादच नाही.

घोळ होतो तो बिल यादी म्हणून खपवल्यावर. पिप या इन्स्टॉलरचं फ्रीझ मारून बसवलेल्या सगळ्या आवृत्त्या फाइलमध्ये उतरवायच्या, पॅकेज बांधणाऱ्या सेटअप.पाय मधून ती फाइल वाचायची आणि इन्स्टॉल_रिक्वायर्सला (तिथल्या डिपेंडन्सीच्या यादीला) देऊन मोकळं व्हायचं, ही सवय अजून बरीच दिसते. मग रिक्वेस्ट्स==२.३०.० पॅकेजच्या मेटाडेटात, म्हणजे त्याच्यासोबत जाणाऱ्या माहितीत, गोठतं. मे २०२३ मध्ये आलेल्या २.३१.० ने प्रॉक्सीची ओळखपत्रं भलत्या सर्व्हरला जाण्याची गळती बुजवली, पण तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला ती आवृत्ती घेताच येत नाही. नागपूरच्याच मिहान उद्योग वसाहतीतल्या एखाद्या प्रोजेक्टात ==२.३१.० मागणारं दुसरं पॅकेज शेजारी आलं, तर पिप २०.३ पासूनचा रिझॉल्व्हर (आवृत्त्यांचा मेळ घालणारा भाग) ‘रिझोल्यूशन इम्पॉसिबल’ म्हणत सरळ थांबतो. चूक तुमची, अडकला तो. बरं, पायपीआय त्याच नावाची फाइल पुन्हा चढवू देत नाही. एक ओळ सुधारायलाही नवी आवृत्ती काढावी लागते. फ्रीझ विंडोजवर मारलेलं असेल तर फक्त विंडोजवर चालणारं पायविन३२ ही आत शिरतं आणि लिनक्सवर इन्स्टॉल तिथेच आपटतं.

शिवाय ती टीएक्सटी फाइल मॅनिफेस्ट.इन मध्ये (सोबत द्यायच्या फाइल्सच्या नोंदीत) नोंदवायची राहिली, तर एसडिस्टमध्ये, म्हणजे सोर्स कोडच्या गठ्ठ्यात, जात नाही. तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) घेणाऱ्याचं सुरळीत चालतं, एसडिस्टवरून बांधणाऱ्याला ‘फाइल नॉट फाउंड’.

म्हणून लायब्ररीसाठी आमचा कल पायप्रोजेक्टकडे. त्यातही सांभाळून. ~=२.३१ म्हणजे २.३१ पासून ३ च्या आतलं काहीही; ~=२.३१.० म्हणजे फक्त २.३१ चीच मालिका. एका शून्याने एवढा फरक पडतो. वरची मर्यादा शक्यतो घालू नये असं वाटतं, पण हा नियम नव्हे: जून २०२४ मध्ये आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीचं २.० आलं तेव्हा १.x वर कंपाइल केलेली कित्येक पॅकेजेस मोडली, आणि <२ लिहिणारे तेवढ्यापुरते वाचले.

टेस्टिंगची साधनं डिपेंडन्सीजमध्ये नकोत. पायप्रोजेक्टमधल्याच डिपेंडन्सी-ग्रुप्समध्ये टाका, पिप २५.१ पासून ते थेट वाचतं. ॲपसाठी बिल लागलंच तर यादीवरून पिप-कंपाइल या साधनाने काढा, हाताने नको. आणि >= पुढचा आकडा अंदाजाने ठोकू नका: यूव्ही या पिपसारख्या साधनाला रिझोल्यूशन ‘लोएस्ट-डायरेक्ट’ (यादीतल्या पॅकेजेसची चालेल ती सर्वांत जुनी आवृत्ती घे) देऊन टेस्ट एकदा चालवा, खालची मर्यादा खरी की खोटी ते लगेच कळतं.