जुना खेळ, नवी विंडोज: ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण करावी की खेळाची जागा बदलावी?

ज्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून आणलेल्या सीडी अजून जपून ठेवल्या आहेत, त्यांना एव्हाना हा अनुभव आलाच असेल. खेळ विनातक्रार इन्स्टॉल होतो, पण सुरू केल्यावर तो कुठेतरी अडतो, नाहीतर काल सेव्ह केलेले आज सापडत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात घरातले प्रत्येक खाते बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरचेच, म्हणजे संगणकाचे सगळे अधिकार असलेले, असे, त्यामुळे खेळ तयार करणारेही सेव्ह केलेल्या फाइली बिनधास्त प्रोग्रॅम फाइल्समधल्या (विंडोज जिथे प्रोग्रॅम ठेवते त्या जागेतल्या) आपल्याच फोल्डरात ठेवत. २००७ मध्ये घरगुती संगणकांवर विंडोज व्हिस्टा आली आणि ही मोकळीक संपली. त्यावर आज दोन उपाय प्रामुख्याने सुचवले जातात. एक म्हणजे शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वर खूण करणे, आणि दुसरा म्हणजे खेळ प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर वेगळ्या फोल्डरात इन्स्टॉल करणे. मी दोन्ही करून पाहिले आहेत.

पहिल्या उपायाची बाजू आधी मांडतो, कारण तो वाईट मुळीच नाही. खूण करायला अर्धे मिनिट पुरते, काही हलवावे लागत नाही, आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) सामाईक भागात लिहू पाहणाऱ्या खेळांचाही प्रश्न त्याने सुटतो. संगणक आपल्या एकट्याचा असेल, तर दर वेळी पडदा काळवंडून ‘होय’ विचारले जाते, एवढाच काय तो त्रास.

आमच्या घरात मात्र एकच संगणक दिवाणखान्यात आहे, आणि मुलीचे खाते मी मुद्दाम साधे, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले, ठेवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती १९९८चा ‘सीझर ३’ हा रोमन नगर वसवण्याचा खेळ खेळू लागली. हा खेळ सेव्ह केलेल्या फाइली स्वतःच्याच फोल्डरात ठेवतो. पहिले काही दिवस सगळे सुरळीत चालले. पुढे तो मध्येच बंद पडू लागला, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यावरून मी ती खूण केली. त्या संध्याकाळी तिला सेव्ह केलेल्या नगरांची यादी रिकामी दिसली. बाबांनी सगळे पुसले असे समजून, थोड्या अबोल्यानंतर, तिने नवे नगर वसवायला घेतले आणि जुन्याच नावाने सेव्ह केले. यापुढे रोज खेळ उघडताना माझा पासवर्ड लागू लागला. दादरला कशीबशी लोकलमध्ये जागा मिळावी आणि मुलुंडपर्यंत पासवर्डसाठी दोनदा फोन वाजावा, असे आठवडाभर चालले. कंटाळून मी ती खूण काढली, तर नवे नगर नाहीसे होऊन दिवाळीतले जुने नगर पुन्हा पडद्यावर उभे!

यात दोष माझाच होता, पण घडले काय ते समजायला मला एक अख्खा रविवार द्यावा लागला. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमला विंडोज थेट नकार देत नाही. ती फाइल त्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात ठेवते, आणि प्रोग्रॅमला मात्र ती जागच्या जागी असल्यासारखीच दिसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले की ही सोय बंद होते आणि खेळ खऱ्या फोल्डरातच वाचतो, लिहितो; म्हणून यादी रिकामी दिसली. खूण काढल्यावर दोन्ही जागांच्या फाइली एकत्र दिसतात खऱ्या, पण नाव सारखे असेल तर मान व्हर्च्युअलस्टोअरमधल्या प्रतीला, मग ती कितीही जुनी असो. दोन्ही नगरे शाबूत होती. फक्त एकाच नावाने दोन ठिकाणी राहत होती.

या एका गोष्टीमुळे मी दुसऱ्या उपायाकडे वळलो. सी ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे थेट सी ड्राइव्हवर, नवे फोल्डर केले, तर त्यात लिहिण्याची परवानगी साध्या खात्यालाही आपोआप मिळते, त्यामुळे लपवाछपवीला वावच राहत नाही. जुने खेळ विकणाऱ्या जीओजी या संकेतस्थळाचे स्वतंत्र इन्स्टॉलरही ‘जीओजी गेम्स’ असे फोल्डर सी ड्राइव्हवरच सुचवतात, ते बहुधा याच शहाणपणातून असावे. फोल्डर नुसते उचलून नेण्यापेक्षा खेळ काढून पुन्हा इन्स्टॉल करावा, कारण बरेच खेळ जुना पत्ता रजिस्ट्रीत नोंदवून ठेवतात. त्याआधी दोन्ही ठिकाणच्या सेव्ह फाइली, आधी एकीचे नाव बदलून, बाजूला काढाव्यात. फोल्डरचे नाव रोमन लिपीत आणि आखूड असावे, देवनागरी नाव पाहून जुने खेळ गडबडतात.

या उपायालाही उणिवा आहेत. सेव्ह फाइली सगळ्यांच्या एकत्र राहतात, त्यामुळे सुट्टीला आलेला भाचा ताईचे नगर सहज पुसू शकतो. आणि जिथे कुणीही लिहू शकतो, तिथली खेळाची मूळ फाइल एखादा घातक प्रोग्रॅमही बदलू शकतो. तरीही, अनोळखी जागेवरून उतरवलेल्या जुन्या खेळाला संपूर्ण संगणकाचे अधिकार देण्यापेक्षा त्याला एका फोल्डरापुरते मोकळे सोडणे मला कमी धोक्याचे वाटते.

पुन्हा इन्स्टॉल करणे शक्यच नसेल, तर त्या एकाच खेळाच्या फोल्डरावर सिक्युरिटी टॅबमधून ‘यूजर्स’ना ‘मॉडिफाय’ परवानगी देता येते, मात्र संपूर्ण प्रोग्रॅम फाइल्सवर ती देऊ नये. परवानगीच्या सूचनाच कायमच्या बंद करण्याचा सल्ला मी तरी देणार नाही. नक्कल रोखणाऱ्या सेफडिस्कचे कुलूप असलेल्या सीडी विंडोज १०वर चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा ड्रायव्हरच त्यात नाही, आणि बहुतेक १६-बिट इन्स्टॉलर ६४-बिट विंडोजवर उघडतच नाहीत. तिथे या दोन्ही उपायांचा उपयोग नाही.

माझ्याकडे मोटारशर्यतीचा एक जुना खेळ मात्र वेगळ्या फोल्डरात नेऊनही खुणेशिवाय उघडत नाही. तो मी एकटाच खेळतो, तेही सगळे झोपल्यावर, म्हणून त्याची खूण तेवढी राहू दिली आहे.