डेक्कन क्वीनचा पास: कोणाला परवडतो?

पुण्यात राहून मुंबईत नोकरी करायची, तर डेक्कन क्वीन आजही उत्तम. १९२ किलोमीटर, सव्वातीन तासांच्या आत. शिवाय डायनिंग कारमधलं ऑम्लेट. पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते, साडेदहाच्या आत सीएसएमटी.

खरी मेख परतीची. गाडी ५:१० ला सुटते, म्हणजे फोर्टातलं ऑफिससुद्धा पावणेपाचला सोडायला हवं. जेमतेम सहा तास काम! साहेब कुरकुरला की संपलं. पासधारकांनी त्यांच्याच डब्यात चढावं, आरक्षित डब्यात बसल्यास दंड. परतताना कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं जोडतात, तेवढा वेळ जातोच. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वेळापत्रक गुंडाळून ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदाच जायचं असेल तर पास जरूर घ्या. रोज असेल तर ठाण्यात भाड्याने राहिलेलं बरं.