झुरिकच्या बागेत एडेलवाइस: नर्सरीतून आणलेल्या रोपाविषयी

झुरिकजवळच्या एका नर्सरीतून घेतलेले एडेलवाइसचे, म्हणजे आल्प्स पर्वतातल्या पांढऱ्या लवदार फुलाचे, रोप पैसे वसूल करणारे आहे. ज्या मातीत ते विकले जाते, तिच्याबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. लहानशा कुंडीतले रोप सशक्त होते, मुळे पांढरी व तळापर्यंत पोहोचलेली होती आणि कीड कोठेही नव्हती. परंतु कुंडीतील मिश्रण जवळजवळ निव्वळ पीटचे, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे आणि पाणी धरून ठेवणारे होते. आल्प्समध्ये साधारणपणे 1800 ते 3000 मीटर उंचीवर, चुनखडीच्या कपारींत आणि उघड्या कुरणांत वाढणाऱ्या या वनस्पतीला थंडीचे भय नसते, साचलेल्या ओलाव्याचे असते. डोंगरावर ती हिवाळाभर बर्फाच्या थराखाली बऱ्यापैकी कोरडी राहते; सखल भागात मात्र पाऊस, धुके आणि वितळते बर्फ आलटूनपालटून येत राहते, त्यात पीट भिजलेलेच राहते आणि रोप बुंध्याशी कुजते. लेबलवर ते किती कडाक्याची थंडी सोसते हे ठळक छापले आहे. निचऱ्याविषयी एक शब्द नाही.

म्हणून रोप आणताच मुळांभोवतीचे पीट हलक्या हाताने काढून टाकावे आणि चुनखडीची बारीक खडी व भरड वाळू भरपूर, बागेची माती थोडी, अशा मिश्रणात, दिवसभर ऊन मिळेल अशा उंचवट्यावर ते लावावे. खत देऊ नये, कारण नत्र जास्त झाले की देठ लांबून लोळतात आणि लव विरळ होते. आपण ज्यांना पांढऱ्या पाकळ्या समजतो ती खरे तर लवदार छदे, म्हणजे फुलांभोवतीची पाने, असतात. खरी फुले मधल्या पिवळसर गोंड्यांत दाटलेली असतात. ही लव डोंगरावरच्या प्रखर अतिनील किरणांपासून वनस्पतीचे रक्षण करते. सखल भागात ते किरण सौम्य असल्याने लवही कमी येते; म्हणून घरच्या बागेतले फूल पोस्टरवरच्याइतके शुभ्र दिसले नाही, तर त्याचा दोष नर्सरीला देणे योग्य नव्हे.

त्याच दुकानातील बियांचे पाकीट स्वस्त आहे, पण बी अतिशय बारीक असते, उगवायला उजेड लागतो म्हणून त्यावर माती पसरता येत नाही, आणि फुलांसाठी बहुधा दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागते. घाई असलेल्यांनी रोपच घ्यावे. पुण्यातल्या नातेवाइकांसाठी एखादे न्यावे असा विचार कोणी करत असेल, तर तो सोडून द्यावा: तिथला एक पावसाळा त्याला पुरे आहे. याचे भाऊबंद भारतातही आहेत, पण ते हिमालयाच्या उंचीवर.