‘लेटेस्ट पीएचपी’ म्हणून ५.६ गळ्यात मारलं

ठाण्यात नौपाडा, गोखले रोडच्या पट्ट्यात वेब प्रोग्रॅमिंगचा क्लास शोधत असाल, तर फी भरण्याआधी विचारा: पीएचपीचं (वेबसाइट बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा) कोणतं व्हर्जन शिकवणार? ‘लेटेस्ट’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आकडा मागा आणि पावतीवर लिहून घ्या.

माझ्या भाचीला ‘लेटेस्ट’ सांगूनच घेतलं. लॅबच्या मशीनवर निघालं पीएचपी ५.६. त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा २०१८ च्या अखेरीस थांबल्या. तिने विचारलं तर सर म्हणाले, "कंपन्यांत हेच चालतं, ८ अजून टेस्टिंगमध्ये आहे." पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, जुन्या साइट सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला ५.६ आजही येतं. दुसरं धादांत खोटं. ८.० नोव्हेंबर २०२० मध्येच आलं.

बिंग फुटलं प्रोजेक्ट बाहेरच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या, नवं पीएचपी असलेल्या सर्व्हरवर चढवल्यावर. पहिल्याच पानावर एरर: ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट’. डेटाबेसला जोडणारी ही जुनी फंक्शन्स डिसेंबर २०१५ च्या ७.० मधून काढूनच टाकलीत. (५ नंतर थेट ७ कसं? ६ कधी बाहेर आलंच नाही.) पोरीने घोकलेला डेटाबेसचा सगळा भाग वाया.

खरी गोम पुढे आहे. क्लासवाले म्हणाले, "होस्टिंग खराब आहे, आमचं घ्या." त्यांच्या सर्व्हरवर ५.६च, म्हणून तिथे प्रोजेक्ट सुरळीत चाललं. भाडं दरवर्षी. मुलं जुन्यावर अडकली की यांना गिऱ्हाईक आयतं! वर पावतीत ‘सॉफ्टवेअर लायसन्स’चे वेगळे पैसे. अहो, झॅम्प (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) फुकट उतरवता येतं आणि पीएचपी त्यातच येतं. लायसन्स कसलं?

डेमो लेक्चरला त्यांच्याच मशीनवर ‘पीएचपी -व्ही’ कमांड चालवायला सांगा. आकडा दिसेल. तो पीएचपी डॉट नेटवरच्या ‘सपोर्टेड व्हर्जन्स’च्या तक्त्यात आहे का, फोनवर तिथेच बघा. डेटाबेसला जोडायच्या आजच्या पद्धती, म्हणजे पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय, शिकवणार का, हेही विचारा; इथे बरेच जण चाचरतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर लायसन्सचे पैसे परत आले. कोर्सच्या फीचं नाव काढलं की ‘फी परत मिळणार नाही’ ही पावतीवरची ओळ दाखवतात. त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. तिच्या बॅचमधलं कुणी वाचत असेल तर पावती आणि जाहिरातीचा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा.