पुणे ते दिल्ली: सामानाचा काटा आणि दोन पीएनआर

गेल्या महिन्यात आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला ताईकडे गेलो, त्या विमान कंपनीच्या सामानविषयक व्यवस्थेचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर चेक-इनसाठी १५ किलो आणि हातातल्या बॅगेसाठी ७ किलो, हा हिशेब आता बहुतेक कंपन्यांचा सारखाच आहे, आणि आमची तक्रार त्या आकड्यांबद्दल नव्हतीच.

वेब चेक-इन सुरळीत झाले. बोर्डिंग पास मोबाइलवर आला. काउंटरवर बोर्डिंग पास काढून देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्येच कंपन्यांना बजावले होते. पण सामान टाकायचे असल्याने काउंटरची रांग आम्हाला चुकली नाही.

काट्यावर आईची बॅग १८.४ किलो भरली आणि माझी १०.९. दोन्ही मिळून तिसाच्या आत, म्हणून मी निश्चिंत होतो. परंतु तिकिटे वेगवेगळ्या दिवशी काढल्यामुळे पीएनआर दोन होते, आणि वजन एकत्र धरण्याची सवलत एकाच पीएनआरवरील प्रवाशांना मिळते, असे काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे, पण ठाम शब्दांत सांगितले. नियम अटींमध्ये लिहिलेला आहे, हे मान्य. मात्र तिकीट काढताना तो ठळकपणे कोठेही दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. जास्तीच्या वजनाचे शुल्क आधी संकेतस्थळावर भरले तर कमी पडते आणि काउंटरवर दर चढतो, हेही आम्हाला तेथेच कळले.

‘पैसे भरा किंवा सामान हलवा,’ एवढाच मार्ग उरला. तेव्हा रांगेतून बाजूला होऊन आईने फरशीवर बॅग उघडली आणि भाजणीची पिशवी, मेतकुटाची बरणी व लाडवांचा स्टीलचा डबा माझ्या बॅगेत घातला. त्यातच सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. तेलामुळे सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते चेक-इनमध्येही चालत नाही आणि हातातल्या बॅगेतही नाही. सोडायला आलेला भाऊ अजून बाहेरच होता, म्हणून वाट्या त्याच्याकडे परत गेल्या. माझी पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेतून काढून हातात घ्यावी लागली, कारण लिथियम बॅटरी असलेली पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातल्या बॅगेतच चालते.

या सगळ्यात पंधरा मिनिटे गेली. सामान घेणारे काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होते. आम्ही दोन तास आधी पोहोचलो नसतो, तर निमूटपणे शुल्क भरावे लागले असते. कर्मचाऱ्यांनी घाई केली नाही आणि दुसऱ्यांदा वजन करताना आम्हाला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दिल्लीत बॅगा पट्ट्यावर लवकर आल्या आणि बरणीलाही तडा गेला नव्हता.

सेवेला पाचपैकी तीन तारे. परतीची तिकिटे त्याच कंपनीची, एकाच पीएनआरवर काढली आहेत, आणि आईने ताईच्या घरातला लटकता वजनकाटा आतापासूनच शोधून ठेवला आहे.