भाडं उतरेल म्हणून थांबायचं का? साउथॉल, स्विंडन आणि एका खोलीचा हिशोब

"सरकारच घरभाड्याचा भत्ता वाढवत नाही म्हटल्यावर घरमालक तरी किती ताणणार? आज ना उद्या भाडं उतरवेलच." पश्चिम लंडनच्या साउथॉल-हाउन्स्लोकडं हे मी इतक्यांदा ऐकलंय, की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणारे पुष्कळदा पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोव्याचे लोक असतात. नवरा हीथ्रोवर सामान चढवतो, बायको हॉटेलात हाउसकीपिंग करते, दोन मुलं शाळेत. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी कमाईवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) घरभाड्यासाठी मिळणारी रक्कम आणि खरं भाडं यांतलं अंतर दरवर्षी वाढत चाललंय. आता इथंच राहायचं, लंडनबाहेर स्विंडनला मेव्हण्याच्या गावी जायचं, की घर सोडून एखादी खोली बघायची?

आधी एक खुलासा. स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी हे नाही. त्यांना सरकारी मदत घ्यायची मुभाच नसते आणि चुकून अर्ज केला तर व्हिसाच अडचणीत येतो. ब्रिटिश नागरिक, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय पासपोर्टवाल्यांना मिळालेली तशीच परवानगी) असलेल्यांनी पुढं वाचावं. प्री-सेटल्डवाल्यांना, म्हणजे अजून तात्पुरतीच परवानगी असलेल्यांना, नोकरी चालू असल्यासारखा वेगळा आधार दाखवावा लागतो, त्यांनी आधी सल्ला घ्यावा.

भत्ता किती कापला, आणि भाड्याचं काय झालं

खासगी घरात राहणाऱ्यांची ही मदत 'लोकल हाउसिंग अलाउन्स' या दराला बांधलेली असते. 2008 मध्ये तो सुरू झाला तेव्हा भागातल्या मधल्या भाड्याइतका होता, म्हणजे निम्मी घरं त्या पैशात बसायची. 2010 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी वर्षाला 1 लाख 4 हजार पौंड भत्ता घेणाऱ्या कुटुंबांचा दाखला दिला आणि कात्री चालवली. तशी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण कात्री सगळ्यांना लागली. एप्रिल 2011 पासून दर तिसाव्या टक्क्यावर आला, म्हणजे शंभरातली सर्वांत स्वस्त तीसच घरं त्यात बसणार. वर कमाल मर्यादा घातली: एका बेडरूमला आठवड्याला 250 पौंड, चार बेडरूमला 400. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला उद्देशून म्हणाले होते, की युद्धातल्या कोसोव्होसारखं लोकांना शहराबाहेर काढणं आपण होऊ देणार नाही. झालं मात्र तेच, फक्त हळूहळू.

पुढं 2016 ते 2020 दर गोठवला. कोविडमध्ये पुन्हा तिसाव्या टक्क्यावर आणला आणि त्याच रकमेवर चार वर्षं ठेवला. एप्रिल 2024 मध्ये वाढवला तोही सप्टेंबर 2023 पर्यंतच्या भाड्यांवरून, आणि 2025 मध्ये परत गोठवला. मार्च 2024 ला संपलेल्या एका वर्षात ब्रिटनमधली खासगी भाडी 9.2 टक्क्यांनी वाढली होती. मुंबईत 1947 च्या कायद्यानं भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं आणि त्यातून पागडी जन्माला आली. इथं उलटं: भाडं मोकळं, भत्ता गोठलेला.

मग घरमालकांनी भाडं उतरवलं का? मंत्र्यांचा दावा तोच होता, की भत्त्यामुळंच भाडी फुगतात, भत्ता आटला की तीही आटतील. हा दावा अगदीच हवेतला नव्हता. 1996-97 मध्ये ब्रिटननं असाच भत्ता कापला होता, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या गिबन्स आणि मॅनिंग या अर्थतज्ज्ञांना दिसलं, की जवळजवळ दोन तृतीयांश फटका घरमालकांनी सोसला. फ्रान्समध्ये भत्ता वाढवला तेव्हा दर जादा युरोतले 78 सेंट भाडेवाढीतून घरमालकाकडं गेले. पण 2011 च्या कपातीचा अभ्यास सरकारनंच इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेकडून करवून घेतला, आणि त्यात साधारण दहातले नऊ हिस्से भाडेकरूंच्या खिशातून गेलेले निघाले.

दोन वेळी दोन उत्तरं का आली, यावर तज्ज्ञ भांडत राहतील. माझं मत सरळ आहे. ज्याच्या दाराशी रांग आहे तो भाव कशाला पाडेल? आजच्या लंडनात एक भाडेकरू गेला की त्याच संध्याकाळी दुसरे चार घर बघायला येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा भत्त्याशी संबंध नसतो. वर कर्जाचा हप्ता मालकाच्या मानेवर. घरं तेवढीच, माणसं जास्त. म्हणून निर्णय घेताना 'भाडं उतरेल' हा आकडा हिशोबात शून्य धरा.

साउथॉलमध्येच राहायचं

हिशोब सोपा व्हावा म्हणून भाडं 1,500 पौंड आणि भत्ता 1,200 धरू. महिना 300 कमी.

पहिला विचार येतो जास्त तास काम करण्याचा. पण युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ठरावीक सूट संपली की हातात आलेल्या दर पौंडामागं 55 पेन्स कापले जातात. 300 पौंड खरोखर उरायला कर वजा जाता सुमारे 667 पौंड जास्त कमवावे लागतील. दोघंही आधीच पूर्ण वेळ राबत असतील तर हे होणं कठीण.

दुसरा विचार: पोटाला चिमटा काढून भरू. बर्मिंगहॅमच्या एका आईचा खटला याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. चार मुलं, भाडं 700 पौंड, भत्ता 548.51. उरलेले 151.49 तिनं बाकीच्या मदतीतून भागवायला हवे होते, ते न केल्यानं ती 'जाणूनबुजून बेघर' झाली, म्हणून तिला मदतीचा पूर्ण हक्क नाही, असं कौन्सिलचं (तिथल्या पालिकेचं) म्हणणं. 2019 मध्ये न्यायालयानं ते फेटाळलं. जगण्यापुरत्या मिळणाऱ्या पैशात अशी सैल जागा असते असं गृहीत धरता येत नाही, हा त्याचा गाभा. थकबाकी वाढली तर खर्चाचा महिनेवार तक्ता का जपून ठेवायचा, ते यावरून कळेल.

तिसरं, आणि लोक हेच सर्वांत कमी करतात: मालकाशी बोलणं. भत्ता तुमच्या खात्यात येतो आणि मालकाला धास्ती असते ती पैसे मध्येच खर्च होण्याची. तो थेट त्याच्याकडं जाईल अशी सोय होऊ शकते, विशेषतः दोन महिने थकल्यावर. वेळेवर भरणाऱ्या जुन्या भाडेकरूनं हा विषय काढला तर यंदाची वाढ टळू शकते. भाडं उतरण्याची मात्र आशा धरू नका. सोबत कौन्सिलकडं अशा तुटीसाठीच्या मदतीचा अर्ज करा; पूर्वी ती डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट या नावानं ओळखली जायची. ती तात्पुरती असते, त्यावर संसार उभा करता येत नाही.

इंग्लंडमध्ये मे 2026 पासूनच्या नव्या कायद्यानं तुमची बाजू थोडी बळकट केली आहे. कारण न देता घर खाली करायला सांगणारी सेक्शन 21 ची नोटीस गेली. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, आणि ते बाजारापेक्षा जास्त वाटलं तर ट्रायब्युनलकडं (भाड्याचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) जाता येतं, जे मालकानं मागितल्याहून जास्त ठरवू शकत नाही. पण ट्रायब्युनल बाजार बघतं, तुमचा पगार बघत नाही. आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं की घर जातंच. महिना 300 नं ती वेळ पंधराव्या महिन्याला येते. एवढीच मुदत हातात आहे असं समजून चाला.

स्विंडनला जायचं

साउथॉलच्या मानानं भाडं बरंच कमी, ओळखीची माणसं, कोकणीत मास होतो, गणपतीलाही चार घरं जमतात. मोह पडणं साहजिक आहे. पण भत्त्याचा दर त्या भागाचा वेगळा आणि तोही गोठलेलाच. लंडनचा 1,200 चा आकडा तुमच्याबरोबर गाडीत बसून येत नाही. जायच्या आधी तिथल्या पोस्टकोडवर सरकारी संकेतस्थळावर दर बघा, आणि त्या पैशात बसणारी घरं जाहिरातींत खरोखर आहेत का तेही बघा.

हातात रोख लागेल. भाडं 1,100 धरलं तर पाच आठवड्यांची अनामत सुमारे 1,270 आणि पहिला महिना मिळून जवळपास 2,400 पौंड. त्यात व्हॅन धरलेली नाही, आणि जुनी अनामत हातात यायला वेळ लागतो.

नोकरी हीथ्रोवरच राहणार असेल तर वाचलेले पैसे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या तिकिटात जातील, आणि पहाटे चारच्या पाळीला गाडीच नसते. स्विंडनमधला होंडाचा कारखाना 2021 मध्ये बंद झाला. गोदामांत कामं आहेत, पण ऑफर लेटर हातात आल्याशिवाय घर हलवू नये, असं मी मेव्हण्यासमोरही सांगेन.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. कमाई फार कमी असलेल्या कुटुंबाला एकूण मदतीची मर्यादा लागू होते. 2023 पासून ती लंडनमध्ये वर्षाला 25,323 पौंड आणि बाहेर 22,020 आहे. लंडन सोडताच ती महिन्याला 275 पौंडांनी खाली येते, म्हणजे भाड्यात वाचलेलं तिकडून गेलं. दोघं पुरेसं कमावत असतील तर हा प्रश्न नाही. दुसरी गोष्ट, घर सुटलंच तर कौन्सिल 'स्थानिक संबंध' बघतं: वर्षातले सहा महिने किंवा पाचातली तीन वर्षं त्या भागात राहणं, तिथली नोकरी, जवळचे नातलग. साउथॉलमध्ये साठवलेली ती वर्षं तुम्ही तिथून गेल्यावर हळूहळू झिजतात.

खोली

पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला प्रश्नच नाही. 2012 पासून त्याला बहुधा शेअर्ड घरातल्या एका खोलीचाच दर मिळतो, आधी ही अट पंचविशीपर्यंत होती. स्वतंत्र फ्लॅट धरून ठेवण्यात त्याचा तोटाच आहे.

चौघांच्या कुटुंबानं मात्र हा मार्ग धरू नये, असं माझं स्पष्ट मत. रोखीनं भाडं घेणारा आणि पावती न देणारा मालक असेल तर भत्त्यासाठी पुरावाच उरत नाही. सख्ख्या भावाच्या घरात त्यालाच भाडं देऊन राहिलात तर भत्ता मिळतच नाही. वर गर्दीची तक्रार झाली की परवान्याविना पाच-सात माणसं ठेवणाऱ्या मालकाबरोबर तुम्हीही रस्त्यावर.

मी काय निवडलं असतं

दोघांच्या नोकऱ्या लंडनला बांधलेल्या, मुलं शाळेत रुळलेली आणि तूट 150 च्या आसपास असेल, तर राहिलो असतो आणि मालक, कौन्सिल दोन्हीकडं आजच अर्ज-विनंती केली असती. तूट 300 च्या वर असेल आणि स्विंडनला एकाची तरी नोकरी पक्की असेल, तर शाळेच्या वर्षाअखेरीस हललो असतो. अधल्यामधल्या अवस्थेत, तूट मोठी पण तिकडं काम नाही, अशांनी निदान पंधरा महिन्यांचा तो हिशोब मांडून तिथं काम शोधायला सुरुवात करावी.

एक चूक कुठल्याच परिस्थितीत करू नका. नोटीस आली म्हणून घाबरून, किंवा मालकाशी वाईटपणा नको म्हणून, आपण होऊन किल्ल्या देऊ नका. स्वतःहून घर सोडलं असं कौन्सिलनं ठरवलं तर मदतीचा हक्क डळमळतो. नोटीस हातात पडल्याच्या आठवड्यातच कौन्सिलच्या हाउसिंग विभागात जा. 2018 पासून, 56 दिवसांत घर जाण्याचा धोका असेल तर तो टाळायला मदत करणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. ते तुम्हाला लांबच्या गावातलं घर देऊ करतील, तर जवळ का नाही हे लेखी मागा. पाच मुलांच्या एका आईला वेस्टमिन्स्टरनं मिल्टन कीन्सजवळच्या ब्लेचलीत घर देऊ केलं होतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला, कारण जवळपास काय उपलब्ध होतं हे कौन्सिलला धड दाखवता आलं नाही.